पाव फेरा सैल

विश्वनाथने गाडीचं मागचं चाक चिमटीत धरलं आणि हलवून पाहिलं. चाक तसूभरही हललं नाही. उरलेली तीन चाकंही त्याने तशीच तपासली, समाधानाने हुंकार दिला आणि हातभर लांबीची ती लाल गाडी सिल्वासाजवळच्या अथालच्या मैदानात इतक्या हलक्या हाताने ठेवली, की बघणाऱ्याला वाटावं पाटावर गणपती बसवतोय.

छोट्या शेठनी रिमोटचा खटका ओढला. गाडी सुसाट सुटली, वीसेक पावलं सरळ गेली आणि पहिल्याच वळणावर तिचं मागचं अंग फिरलं. धुरळ्यात तीन गिरक्या घेऊन ती आल्या वाटेकडे तोंड करून थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ती उलटी पडली आणि चारी चाकं आभाळाकडे करून फिरत राहिली.

"काका, ये तो गरबा खेल रही है," छोटे शेठ म्हणाले.

नवरात्राचे दिवस, त्यामुळे विनोद सगळ्यांना लगेच कळला. मैदानावरची मंडळी पोट धरून हसली. विश्वनाथने गाडी उचलली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू चूक तिचीच होती.

छोटे शेठ म्हणजे कंपनीच्या मालकांचे चिरंजीव. वय सव्वीस, शिक्षण मुंबईत, आणि हौस म्हणाल तर पोत्याने. सिंगापूरहून ही रिमोटची गाडी त्यांनी खोक्यातून सुटी सुटी आणली होती. सिल्वासाच्या आणखी चार-पाच मालकपुत्रांकडे अशा गाड्या होत्या आणि दसऱ्याला अथालच्या मैदानात त्यांची शर्यत ठरली होती. जुळवायला गाडी अर्थातच विश्वनाथकडे आली. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करणाऱ्या त्या कारखान्यात तो टूलरूमचा सगळ्यांत जुना फिटर. जळगावाकडून येऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती.

त्याचा धर्म एकच होता. प्ले नको. दोन भागांच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, जिच्यामुळे वस्तू हातात धरून हलवली की खुटखुटते, तिला कारखान्यात प्ले म्हणतात. आणि विश्वनाथच्या लेखी प्ले म्हणजे आळशी माणसाची सही. ही गाडी जुळून उभी राहिली तेव्हा पाळण्यातल्या पोरासारखी हातपाय हलवत होती. त्याला ते बघवेना. चार दिवस खपून त्याने कागदाएवढ्या पातळ पितळी चकत्या कापल्या, एकेका सांध्यात भरल्या, शॉकअपमधलं पाण्यासारखं तेल काढून गिअरबॉक्सचं दाट तेल ओतलं आणि प्रत्येक स्क्रू दात-ओठ खाऊन आवळला. आता गाडी दगडासारखी झाली होती. आणि दगडासारखीच घसरत होती.

"जमीनच खराब आहे, शेठ," तो म्हणाला. "खाली टणक, वर नुस्ती भुकटी. चाक पकडीन काय?"

"जमीन तो सबके लिए वही है, काका."

हे उत्तर बरोबर होतं, हे लगेच दिसलंही. शेजारच्या पाइप कंपनीवाल्यांची निळी गाडी त्याच वळणावर आली. आली ती डुलत डुलत, दारू प्यायल्यासारखी. एक चाक खड्ड्यात उतरलं, दुसरं ढेकळावर चढलं, मागचं अंग जरा खाली बसलं. पण मधलं धड शांत होतं. प्रत्येक चाक आपापला खड्डा आपापला निस्तरत होतं. गाडीने वळण घेतलं आणि निघूनही गेली.

ती थांबली तसा विश्वनाथ तिच्याशेजारी उकिडवा बसला. चाक धरणारी दांडी त्याने बोटाने वर उचलली आणि सोडली. दांडी आपल्या वजनाने अलगद खाली आली. त्याने पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. हा सैलपणा आळसाचा नव्हता. कोणीतरी सांध्यातली एकेक पिन काढून, तेलाच्या दगडावर घासून, लागेल तेवढीच जागा दिली होती. केसभरही जास्त नाही. असं घासणारा हात त्याने आयुष्यात एकच पाहिला होता. तरी त्याने विचारलं, कोणी केलं हे.

"टोकरखाड्याच्या नाक्यावर एक सायकलवाला आहे," पाइप कंपनीचा माणूस म्हणाला. "उजव्या हाताला दोनच बोटं. पण काम बघा!"

विश्वनाथ गुडघ्यांवर हात टेकून उठला. नाव विचारायची गरज नव्हती. गेली नऊ वर्षं तो त्या नाक्यावरून गेला नव्हता. बाजारात जायचं तर मागच्या कॉलनीतून वळसा घालून जायचा, आणि बायकोने विचारलं की म्हणायचा, तिकडून सावली असते. कसली सावली! रखरखीत रस्ता होता तो.

प्रभाकर डहाणूकडचा. तो आणि विश्वनाथ सहा वर्षं एका बेंचवर समोरासमोर उभे होते, एका चाळीत शेजारी राहत होते, एकमेकांच्या डब्यातलं खात होते. पंच्याऐंशी साली विश्वनाथने नायलॉनच्या चाकांचा एक साचा केला. चार महिने तो त्या साच्यात इतका बुडाला होता, की त्याची बायको म्हणायची, मला सवत आली ती लोखंडाची. साच्याचे मिटलेले दोन भाग उघडले की तयार झालेला माल बाहेर ढकलायला पिना असतात. भोकातून पुढे येतात, माल ढकलतात, मागे जातात. विश्वनाथच्या पिना अशा बसल्या होत्या की भोक कुठलं आणि पिन कुठली ते नखाला कळू नये.

साचा मशीनवर चढला तो दिवस खंडेनवमीचा होता. प्रभाकरने कोपऱ्यातली पिन अंगठ्याने दाबून पाहिली.

"विशू, ही आवळ हाय रे. आता सरकतेय, पण साचा तापला की अडकंल. काढून दगडावर दोन हात मारू दे मला."

तोवर टूलरूममधली हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती, त्यांना हळदकुंकू लागलं होतं, कानशीपासून पान्यांपर्यंत सगळ्यांवर झेंडू पडला होता. प्रभाकर पाटावरचा दगड उचलायला वाकला आणि विश्वनाथने त्याचं मनगट धरलं.

"आज हत्याराला हात नाही लावायचा भो. वर्षातून एक दिवस लोखंडाला सुटी."

खरं सांगायचं तर धर्म तोंडात होता, पोटात दुसरंच होतं. आपल्या पिनेला दुसऱ्या कोणी दगड लावावा, हे त्याला सोसलं नसतं. प्रभाकर हसला आणि म्हणाला, बरं बाबा, राहिलं.

दसऱ्याला सकाळी नारळ फोडून मशीन सुरू झालं. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. प्रभाकरची किंकाळी ऐकून विश्वनाथ धावत पोचला, तोवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

चौकशी झाली. विश्वनाथने लिहून दिलं, साच्यात दोष नाही. कामगाराने चालू मशीनमध्ये हात घातला. वर कोणीतरी निष्काळजीपणा हा शब्द टंकला आणि विश्वनाथने खाली सही केली. प्रभाकरची नोकरी गेली. कागदावरचं हे इतकं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की अपघाताच्याच संध्याकाळी, टूलरूम रिकामी झाल्यावर, विश्वनाथने ती पिन काढून दगडावर घासली होती. दोन नव्हे, चार हात मारले होते. साचा तेव्हापासून आजतागायत विनातक्रार चालत होता.

पण हात घातला कशाला त्याने, एवढं एकच वाक्य तो नऊ वर्षं स्वतःला ऐकवत आला होता. त्या वाक्यावर त्याचं बरं भागत होतं. अथालच्या मैदानात ती दांडी अलगद खाली आली आणि ते वाक्य पुरेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. टूलरूममधली पूजा उरकून दुपारी विश्वनाथ लाल गाडी आणि तिचा रिमोट कापडी पिशवीत घालून निघाला आणि वळसा न घालता सरळ नाक्यावर आला. गाडी हे निमित्त होतं. त्याला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते चारच शब्दांचं होतं: पिन आवळ होती, पभ्या. रस्ताभर त्याने ते तोंडात घोळवलं. ते बोलल्याशिवाय परत यायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

पत्र्याच्या छपराखाली प्रभाकर स्टुलावर बसला होता. केस पांढरे झालेले, अंगात कारखान्यातल्यासारखाच निळा सदरा. त्याच्या पायाशी बसक्या पाटावर त्याची बायको कावेरी होती. बाजूला फळीवर पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडलेले आणि त्यांवर झेंडूच्या पाकळ्या.

"ये, विशू," प्रभाकर म्हणाला. काल संध्याकाळीच भेटल्यासारखा.

कावेरी फळीवरच्या पाकळ्या सारख्या करत राहिली. चाळीत असताना ती त्याला भाऊजी म्हणायची. तेव्हा ती टोकरखाड्याच्या बालवाडीत शिकवत होती. रंगीत कागदाचे पोपट, मासे, होड्या असं काय काय करून ती दारावर टांगायची, आणि तिचं अक्षर इतकं देखणं की चाळीतल्या पत्रिकांवर नावं घालायला सगळे तिच्याकडे यायचे. प्रभाकरने दुकान टाकलं तेव्हा पाना धरायला त्याला हात हवा होता. कामाला पोरगा ठेवला, तो पळाला. दुसरा ठेवला, तोही पळाला. मग चार दिवसांसाठी म्हणून कावेरी बसली. आता तिच्या नखांत काळं ग्रीस कायमचं बसलं होतं. प्रभाकर तोंडाने सांगायचा आणि तिची बोटं करायची. गिऱ्हाइकं म्हणत, अर्धा कारागीर स्टुलावर आणि अर्धा पाटावर.

विश्वनाथने पिशवीतून गाडी काढली. "घसरून राहिली. उद्या शर्यत आहे."

प्रभाकरने डाव्या हाताने गाडी घेतली, मागच्या चाकाची दांडी वर उचलली आणि सोडली. दांडी वरच राहिली. त्याने विश्वनाथकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं, जुनं, खांदे हलवणारं.

"बग गो, बग. हे यानंच केलंय, दुसरा कोण करील? मेलेल्या माणसाचा हात पण एवढा ताठ नसतो."

"हत्यारं पूजेला बसलीत," कावेरी म्हणाली.

"उद्याच शर्यत आहे, वहिनी. आज केलं तरच..."

"तुम्हीच ना मनगट धरलं होतंत यांचं? वर्षातून एक दिवस लोखंडाला सुटी. आमच्या घरात ते वाक्य पाठ आहे."

चार शब्द जिभेवर होते, तिथेच वाळले.

"उचल गो," प्रभाकर हळूच म्हणाला. "लोखंडाला काय कळतंय. माणूस दारात आलाय."

कावेरीने फळीवरचा बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला, पदराने त्याच्यावरचं कुंकू पुसलं आणि गाडी मांडीवर घेतली.

मग ते दोघं काम करायला लागले आणि विश्वनाथ नुसता बघत राहिला. प्रभाकर बोलत होता ते सांगण्यासारखं नव्हतंच, गुणगुणण्यासारखं होतं. पाव फेरा सैल. आणखी पाव. बस. ती पिन काढ. कावेरीने पिन काढली, पितळी चकत्या टपटप तिच्या मांडीवर पडल्या. चार दिवसांचं काम होतं ते. तिने पिन तेलाच्या दगडावर ठेवली आणि दोन बोटांनी फिरवत फिरवत घासली, न बघता, कानाने आवाज ऐकत. दांडीत पिन पुन्हा सरकवली, दांडी उचलली, सोडली. दांडी पडली.

"खालची माती टणक नि वर भुकटी," प्रभाकर म्हणाला. "असल्या जमिनीवर चाकाला खाली टेकायला फुरसत पायजे. तू सगळं आवळून ठेवलंस. एक चाक ढेकळावर चढलं की दुसरं हवेत लटकतं, मग फिरणार नाय तर काय करणार? थोडं हलू द्यावं."

शॉकअपमधलं दाट तेल निघालं आणि शिलाई मशीनचं पातळ तेल गेलं. जाड स्प्रिंगच्या जागी बारीक आल्या. बॅटरी दोन बोटं मागे सरकली, मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून. नव्या टायरांवरची चकाकी कावेरीने पॉलिश पेपरने खरवडून काढली. हे सगळं साधं होतं, विश्वनाथला एकेक कळत होतं. शेवटी डाव्या बाजूची एक पिन उरली. कावेरीने ती दगडावर ठेवली.

"पिन आवळ होती, पभ्या," विश्वनाथ म्हणाला.

प्रभाकरने कोणती पिन ते विचारलं नाही.

"ठाऊक हाय की. मीच तर सांगितलं होतं तुला."

"त्याच संध्याकाळी मी घासली ती. चार हात मारले. कोणाला बोललो नाही. आणि कागदावर लिहून दिलं, साच्यात दोष नाही म्हणून. तुझं वाटोळं केलं मी."

कावेरीचा हात दगडावर थांबला. ती विश्वनाथकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचे डोळे भरून आले. ते रागाने नव्हते भरले. नऊ वर्षं एकटीच जे म्हणत होती, ते आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती.

"ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हणत नव्हते? निष्काळजी म्हणे! सुईत दोरा ओवताना श्वास धरणारा माणूस." ती विश्वनाथकडे वळली. "आता हे असंच्या असं लिहून द्या. साहेबांना द्या. मला पैसा नको, काही नको. तो शब्द काढा यांच्या नावापुढचा."

"देतो, वहिनी. उद्याच देतो."

"नोकरी जाईल त्याची," प्रभाकर म्हणाला.

"जाऊ दे. तुमची नाही गेली?"

"जाऊ दे भो," विश्वनाथ म्हणाला. "गेली तर गेली."

त्याला खरोखरच हलकं वाटत होतं. या वयात नोकरी गेली तर पुढे काय, हा विचार त्याच्या मनात आला, पण तो टोचला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याने प्रभाकरच्या हाताकडे सरळ पाहिलं.

प्रभाकर मात्र अस्वस्थ झाला होता. स्टुलावर त्याची चुळबुळ चालली होती. त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा कावेरीकडे.

"नको लिहूस," तो म्हणाला. "खोटं लिहिलेलं नाय तू. मशीननं हात ओढला नव्हता माझा. मीच घातला."

त्याने उजवा हात उलटा करून गुडघ्यावर ठेवला.

"पिन बाहेर येऊन अडकली होती. मशीन मिटत येत होतं. बटण पलीकडच्या अंगाला. मी मागं सरलो असतो तर मला काय झालं नसतं. पण पिन समोरच्या भागात घुसली असती, साचा फुटला असता." तो विश्वनाथकडे बघत नव्हता, आपल्याच गुडघ्याशी बोलत होता. "चार महिने खपला होतास रे तू त्याच्यावर. तुझी बायको रडायची आमच्याकडं येऊन. मला वाटलं, पिन आत ढकलीन नि हात काढीन. पिन गेली आत."

रस्त्यावरून कामगारांनी भरलेला टेम्पो गेला.

"जाणूनबुजून," कावेरी म्हणाली.

"अगो, विचार करायला वेळ कुठं होता?"

"तेव्हा नव्हता. नंतर नऊ वर्षं होती. रोज इथं बसते मी, तुमच्या पायाशी." ती ओरडत नव्हती. तिचा आवाज उलट खाली खाली जात होता. "आणि आज तरी माझ्यासाठी कुठं सांगितलंत? यांची नोकरी वाचवायला सांगितलंत. आजसुद्धा यांच्यासाठीच हात घातलात."

"कावेरी..."

"तुमची तीन बोटं गेली. माझी दहाच्या दहा गेली. ती कोणासाठी गेली, ते आज कळलं मला."

ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. आतून पाण्याचा आवाज आला, साबण घासल्याचा. बराच वेळ येत राहिला.

प्रभाकरने गाडी मांडीवर घेतली. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी एवढंच उरलेलं होतं. त्यांत त्याने स्क्रू ड्रायव्हर धरायचा प्रयत्न केला. तो निसटला. त्याने तो उचलला, पुन्हा लावला, पुन्हा निसटला. विश्वनाथने हात पुढे केला.

"नको," प्रभाकर म्हणाला. "ते काम तिचं हाय."

मग दोघंही गप्प बसून राहिले. कोणे एके काळी ते असेच तासन् तास न बोलता समोरासमोर काम करायचे आणि त्यात अवघडलेपण नसायचं. आता विश्वनाथला वाटलं, आपण उठून निघून जावं. आणि उठवत नव्हतं. आपण आज इथं आलो नसतो तर या घरात कोणाला काही कळलं नसतं, हा विचार त्याच्या मनात आला आणि तो तिथेच बसला.

कावेरी बाहेर आली. चेहरा धुतलेला, कोरडा. पाटावर बसून तिने नवऱ्याच्या मांडीवरची गाडी घेतली, राहिलेली पिन दगडावर घासली, दांडीत सरकवली.

"पाव फेरा सैल," प्रभाकर सवयीने म्हणाला.

ती ऐकायला थांबली नाही. किती फिरवायचं ते तिने आधीच फिरवलं होतं. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात होतं तेव्हा तिचा पुढचा स्क्रू झालेला होता. त्याने आणखी एकदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मिटलं. तिने दांडी उचलून सोडली, ती पडली. गाडी तिने विश्वनाथच्या हातात दिली.

"घेऊन जा. घसरणार नाही."

"वहिनी, मी लिहून देतो ना," विश्वनाथ म्हणाला. "देणारच."

"आता काय लिहाल?" तिने विचारलं.

तिने ते टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. विश्वनाथने गाडी पिशवीत घातली. पिशवी काखेत मारून तो रस्त्यावर आला.

रस्त्यापलीकडे घरांच्या कॉलनीचं मोकळं मैदान होतं. पाय आपोआप तिकडे वळले. तीच टणक जमीन, तीच वरची भुकटी. त्याने गाडी खाली ठेवली आणि रिमोटचा खटका ओढला. गाडी सुटली. डुलत, अंग चोरत, एकेक खड्डा मोजत ती वळणावर आली, मागचं अंग जरा खाली बसवलं आणि वळली. धुळीत चाकांच्या दोन बारीक रेघा उमटल्या, कुठे फाटल्या नाहीत. त्याने तिला आणखी जोरात वळवलं. ती वळली.

काम जमलं की मान वर करून प्रभाकरकडे बघायचं, ही बेंचवरची सवय. विश्वनाथने मान वर केली.

छपराखाली प्रभाकर स्टुलावरून पुढे वाकून कावेरीला काहीतरी सांगत होता. इथपर्यंत ऐकू येत नव्हतं. पुढ्यात एका गिऱ्हाइकाने चाक निखळलेली सायकल आणून टेकवली होती आणि तोही काहीतरी विचारत होता. कावेरी पाटावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.